धाग्याच्या अंगावरची वीज



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी इथल्या मुलांना मराठीतून विज्ञान शिकवत. त्यामुळे विषय विज्ञानाचा असावा हे ठरलेलंच होतं. मी तो सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या कारखान्यांतूनच उचलला. धागा फुगीर करणाऱ्या टेक्सचरायझिंगच्या यंत्रावर बॉबिन बदलताना मनगटावरचे केस उभे राहतात. प्लॅस्टिक फिल्मचा रोल उतरवताना कोपराला चटका बसतो. थंडीच्या दिवसांत वार्पिंगच्या क्रीलवर, म्हणजे बॉबिन लावलेल्या चौकटीवर, धाग्यातले तंतू पिंजारल्यासारखे फाकतात. अशा वेळी सुपरवायझरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो: स्टॅटिक. महाराष्ट्राच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात यालाच स्थितिक विद्युत म्हटलं आहे, आणि तिच्यावर स्वतंत्र धडा आहे. पुस्तकातला तो धडा आणि यंत्रावरचा हा चटका यांची गाठ आपल्याकडे क्वचितच पडते. ती घालून द्यावी, एवढ्यासाठी मी इथे उभा आहे.

घासल्यानं वीज तयार होते, असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात नवीन काही तयार होत नाही. प्रत्येक पदार्थात धन आणि ऋण प्रभार अफाट प्रमाणात भरलेले असतात आणि ते इतके काटेकोर सारखे असतात, की बाहेरून काहीच जाणवत नाही. दोन पदार्थ एकमेकांना टेकतात, तेव्हा थोडा प्रभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मग ते एकमेकांपासून सुटतात आणि गेलेला प्रभार परतू शकत नाही. एकावर तूट राहते, दुसऱ्यावर तेवढीच शिल्लक. बेरीज केली तर हिशेब शून्यच येतो.

यात घासण्याचं काम काय? नुसत्या स्पर्शानंही हे घडतं, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. पण डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तर ते फार थोड्या ठिकाणी टेकतात. दोन डोंगररांगा समोरासमोर आणून एकीवर दुसरी पालथी घातली तर फक्त काही शिखरं भिडतील, तसंच इथे होतं. घासलं की टेकणाऱ्या जागा सतत बदलत राहतात, नवनव्या जागा एकमेकींना भिडतात आणि सुटतात. म्हणून घासल्यावर प्रभार जास्त साठतो. घर्षणानं उष्णता होते, वरचे थर थोडे खरवडलेही जातात, आणि त्याचाही परिणाम होतो. तरी मुळातली गोष्ट टेकणं आणि सुटणं हीच आहे.

किती प्रभार जातो? सपाट पृष्ठभागावर साधारण हवेत टिकू शकेल असा जास्तीत जास्त प्रभार मोजला, तर त्याचा अर्थ असा निघतो, की पृष्ठभागावरच्या साठ हजार ते एक लाख अणूंमागे जेमतेम एक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झालेला असतो. त्यापेक्षा जास्त झाला, तर भोवतालची हवाच फुटते आणि ठिणगी पडते. हवा फुटायला दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. म्हणजे लाखात एका अणूची गडबड झाली, तरी धागा यंत्राला चिकटतो, फिल्म हाताला लपेटते, अंधारात ठिणगी दिसते. विद्युतबल किती जबरदस्त आहे याची मला यापेक्षा चांगली साक्ष माहीत नाही.

या विषयाचा इतिहास सांगायचा, तर अंबर लोकरीवर घासणाऱ्या ग्रीकांपासून सुरुवात करायची प्रथा आहे. ती पायरी मी ओलांडतो आणि थेट एका रंगाऱ्याकडे येतो, कारण तो आपल्या धंद्यातला माणूस होता. स्टीफन ग्रे हा इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. घरात कापड रंगवण्याचा व्यवसाय होता आणि त्यानं स्वतःही तोच केला. शिक्षण बेताचं, पण हात आणि डोळे तरबेज. घासलेल्या काचेच्या नळीचा हलक्या वस्तू ओढण्याचा गुण दोरीतून पुढे जातो, हे त्याच्या ध्यानात आलं. १७२९ च्या जुलैत तो केंट परगण्यात ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या घरी गेला. दोघांनी सुतळीसारखी दोरी लांबवर ताणली. एका टोकाला काचेची नळी, दुसऱ्या टोकाला हस्तिदंती चेंडू. मधे दोरी झोळ खाऊ नये म्हणून तिला रेशमाच्या धाग्यांनी आडवा आधार दिला. नळी घासली की दूरच्या चेंडूकडे धातूच्या वर्खाचे कपटे झेपावत.

दोरी वाढवत गेले, तसं तिचं वजन वाढलं आणि रेशमाचा आधार तुटला. रेशीम बारीक असल्यामुळे वीज त्यातून गळत नसावी, असा त्यांचा समज होता. म्हणून तेवढीच बारीक पण मजबूत अशी पितळेची तार त्यांनी आधाराला लावली. नळी कितीही घासली तरी चेंडू आता ढिम्म. सगळी वीज तारेवाटे घराच्या बांधकामात निघून जात होती. जाडी-बारकाव्याचा काही संबंध नव्हता. आधार कशाचा आहे याला महत्त्व होतं. रेशीम वीज अडवतं, पितळ जाऊ देतं आणि सुतळीही बऱ्यापैकी जाऊ देते. पदार्थांची सुवाहक आणि दुर्वाहक अशी जी विभागणी आज शाळेतला मुलगा तोंडपाठ म्हणतो, ती त्या दिवशी एका तुटलेल्या धाग्यामुळे माणसाच्या हाती लागली. पुढे १७३१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं आपलं कोप्ली पदक सुरू केलं आणि पहिलं ग्रेला दिलं.

त्यानंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. १७३३ मध्ये फ्रान्सच्या द्यू फे यानं वीज दोन प्रकारची असते असं दाखवलं, पुढच्या दशकात फ्रँकलिननं त्यांना धन आणि ऋण अशी नावं दिली, आणि १७५७ मध्ये योहान विल्के यानं कोणता पदार्थ कोणाशी घासला की धन होतो, त्याची पहिली क्रमवारी लावली. अशी क्रमवारी आजही वापरात आहे. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

ग्रेच्या सुतळीतून वीज का गेली आणि रेशमातून का गेली नाही? ताग-अंबाडीसारखे वनस्पतिजन्य तंतू हवेतलं पाणी धरून ठेवतात, आणि त्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन प्रभार वाहून नेतात. कोरड्या रेशमात ती सोय फारच कमी. इथून मी दमणगंगेच्या काठावर, आपल्या कारखान्यांकडे येतो.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालं तेव्हा हा प्रदेश जंगलाचा, भातशेतीचा आणि गवताचा होता. त्या लढ्यात सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी माणसं होती, हे या सभागृहात नव्यानं सांगायला नको. ऐंशीच्या दशकापासून करसवलतींच्या ओढीनं कारखाने येऊ लागले आणि त्यांत पॉलिएस्टरच्या धाग्यानं ठाण मांडलं. दादरा, रखोली, सायली, सुरंगी, खडोली, कुठेही जा, पीओवाय आणि डीटीवाय ही अक्षरं गेटवरच्या ट्रकपासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येतात. खानदेशातून, नाशकाकडून, पालघरच्या पाड्यांतून आलेल्या कितीतरी मराठी घरांची चूल या धाग्यावर पेटते.

या धाग्याचा प्रवास म्हणजे टेकण्या-सुटण्याची न संपणारी मालिका. पॉलिएस्टरच्या चिप्स सुमारे २८० ते २९० अंशांना वितळवतात, तो रस स्पिनरेटच्या बारीक छिद्रांतून खाली येतो, थंड हवेच्या झोतात घट्ट होतो आणि मिनिटाला ३ हजार मीटरच्या आसपास वेगानं गुंडाळला जातो. हा पीओवाय. पुढे टेक्सचरायझिंगच्या यंत्रावर तो क्रीलवरून सुटतो, हीटरवरून जातो, गार होतो, आणि मग फिरणाऱ्या चकत्यांच्या जोडरचनेतून त्याला पीळ बसतो. त्या यंत्रभागाचं नावच फ्रिक्शन युनिट. धागा चकत्यांना घासतो म्हणून पिळतो, पिळतो म्हणून फुगीर होतो, आणि फुगीर होतो म्हणूनच त्याचं कापड अंगाला बरं वाटतं. हा फुगीर धागा म्हणजे डीटीवाय. घर्षण टाळून हा धंदा चालूच शकत नाही.

धागा मिनिटाला ६०० मीटर वेगानं जात असेल, तर सेकंदाला १० मीटर झाले. वाटेतलं सिरॅमिकचं गाइड ५ मिलिमीटर रुंद धरलं, तर धाग्याचा प्रत्येक बिंदू त्याच्यावर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच टेकतो. तेवढ्या क्षणात तो प्रभार घेऊन सुटतो. पुढचं गाइड, पुढचा रोलर, तीच कथा. ‘दीडशे-अठ्ठेचाळीस’ म्हटलं की इथल्या पोरासोरांनाही कळतं, १५० डेनियरचा, म्हणजे ९ हजार मीटरला १५० ग्रॅम भरणारा धागा, ज्यात ४८ तंतू एकत्र आहेत. त्या ४८ जणांवर एकाच जातीचा प्रभार बसला की ते एकमेकांना ढकलतात. धागा विस्कटतो, एखादा तंतू शेजारच्या रोलरला गुंडाळतो आणि तुटतो, हवेतली धूळ आणि फ्लफ त्याच्यावर येऊन बसतात. तयार मालावर जी काळी रेघ उमटते, तिचं मूळ कैकदा इथे असतं.

आता पाण्याचा हिशेब पाहा. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून असतो, नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे पॉलिएस्टरचा विद्युतरोध कापसाच्या तुलनेत लाखो-कोट्यवधी पटींनी जास्त. कापसाच्या धाग्यावर घर्षणानं प्रभार येत नाही असं नाही. येतो आणि लगेच निघून जातो. पॉलिएस्टरवर आलेला प्रभार तिथेच मुक्काम करतो. गेल्या पिढीतल्या लोकांना टेरिलिनचा शर्ट रात्री काढताना होणारी तडतड आठवत असेल; तिचं कारण हेच.

मग कारखाना चालतो कसा? तेलावर आणि पाण्यावर. तंतू घट्ट होताच त्याला स्पिन फिनिश लावतात. पाण्यात मिसळलेलं हे वंगण असतं, आणि त्यात स्टॅटिक मारणारे पदार्थ घातलेले असतात, उदाहरणार्थ फॉस्फेट एस्टरचे क्षार. धाग्याच्या वजनाच्या टक्क्याच्या काही दशांशांइतकं फिनिश पुरतं. त्याचं काम दुहेरी आहे. वंगणामुळे टेकणं सौम्य होतं, आणि स्टॅटिक मारणारा भाग हवेतली ओल धरून धाग्याभोवती आयनांचा एक पातळ पडदा तयार करतो. प्रभार त्या पडद्यातून वाहत जाऊन यंत्राच्या धातूला पोचतो, तिथून जमिनीत. टेक्सचरायझिंगनंतर पुन्हा कोनिंग ऑइल लावावं लागतं, कारण हीटरवरून जाताना पहिल्या फिनिशचा बराच भाग उडून जातो.

या पडद्याला ओल पुरवायची म्हणून शेडमध्ये आर्द्रता सांभाळावी लागते. दमट हवा विजेला वाट देते, असं बरेच जण समजतात. हवा दमट झाली तरी ती विजेची चांगली वाहक होत नाही; वाट देते ती पृष्ठभागावर बसलेली पाण्याची पातळ साय. म्हणूनच फिनिश नीट लागलेलं नसेल, तर नुसती हवा दमट करून भागत नाही. जानेवारीत सकाळी कोरडा वारा सुटला आणि ह्युमिडिटी प्लांटची फवारणी कमी पडली की ब्रेकेज वाढतो. जुन्या ऑपरेटरला ते आकडा पाहण्याआधी धाग्याच्या आवाजावरून कळतं. या ज्ञानाला मी फार मान देतो. ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही आणि त्याच्यावर लाखो रुपयांचा माल अवलंबून असतो.

आतापर्यंत आपण मालाच्या नुकसानीबद्दल बोललो. आता माणसाच्या जिवाबद्दल बोलू, कारण हे व्याख्यान स्वीकारताना माझ्या मनात सगळ्यात वर तेच होतं.

माणसाचं शरीर सुवाहक आहे. पायात रबरी किंवा पीयू तळव्याचे बूट असले आणि फरशीवर इपॉक्सीचा थर असला, की ते जमिनीपासून तुटतं. चालताना प्रत्येक पावलाला तळवा फरशीला टेकतो आणि सुटतो, आणि शरीर भारित होत जातं. १० हजार व्होल्टपर्यंत जाणं अशक्य नाही. आकडा ऐकून घाबरू नका. प्रभार त्या मानानं फार थोडा असतो, आणि आपल्याला चटका जाणवायला लागतो तोच ३ हजार व्होल्टच्या आसपास. पण ऊर्जा मोजू. शरीराची प्रभार साठवण्याची क्षमता १५० पिकोफॅरड धरली, तर १० हजार व्होल्टला साडेसात मिलिज्यूल ऊर्जा होते. छपाईच्या शाईत असणाऱ्या टोल्युइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल, तर ती पेटायला पाव मिलिज्यूल पुरते. म्हणजे बोटाच्या टोकाला जी ठिणगी आपण झटकून टाकतो, तिच्यात तीसपट ऊर्जा आहे.

खडोली-सिल्वासाच्या पट्ट्यात पॅकेजिंगची छपाई चालते. फिल्म मिनिटाला शेकडो मीटर वेगानं रोलरवरून धावते आणि तिच्या अगदी जवळ शाईचा उघडा ट्रे असतो. शाईत इथाइल अ‍ॅसिटेट किंवा टोल्युइन. तिथे फिल्मवरचा प्रभार मारायला आयनायझर बार लावलेले असतात. ते हवेचे आयन करतात, आणि विरुद्ध जातीचे आयन फिल्मवर जाऊन बसतात. बार मळला की त्याचं काम मंदावतं. तो पुसणं ही पाळीतली पहिली गोष्ट असायला हवी.

त्याहून मोठा धोका मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. दुर्वाहक पदार्थावरचा प्रभार एका दमात सुटत नाही. ज्या जागी बोट नेलं त्या जागेपुरताच सुटतो, कारण बाकीचा तिथपर्यंत वाहतच येऊ शकत नाही. धातूवरचा प्रभार मात्र सगळाच्या सगळा एका ठिणगीत बाहेर पडतो. म्हणून सगळ्यात वाईट काय, तर प्लॅस्टिकच्या गराड्यात एकटा पडलेला, जमिनीशी न जोडलेला धातू. प्लॅस्टिकच्या बादलीची लोखंडी कडी घ्या. कामगार ड्रममधून थिनर त्या बादलीत ओततो. वाहणारा द्रव प्रभार घेऊन येतो, बादली तो धरते, कडी भारित होते, आणि ड्रमच्या तोंडाजवळ कडी आली की ठिणगी पडते, नेमकी वाफेच्या मधोमध. असं ओतणं मी एकाहून अधिक कारखान्यांत पाहिलं आहे. ओतणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. भिंतीवर इंग्रजीतला फलक मात्र होता.

मोठमोठ्या जाणकारांनाही हे उशिरा कळलं आहे. १९६९ च्या डिसेंबरात ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग हाकोन सातवा’ या तीन अजस्र तेलवाहू जहाजांवर एका महिन्याच्या आत स्फोट झाले. तिन्ही जहाजं तेल उतरवून रिकामी परतत होती आणि त्यांच्या टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुणं चालू होतं. ‘मार्पेसा’ तर पहिल्याच फेरीवर होतं; ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बुडालं. पाणी विजेला वाट देतं, मग पाण्यानं धुताना ठिणगी कशी पडेल, असाच तोवरचा विचार होता. तपासात दिसलं, की फवारा भिंतीवर आपटून फुटतो तेव्हा जे धुकं उडतं ते प्रचंड भारित असतं, आणि त्या धुक्यातून खाली पडणारा पाण्याचा लोट एकट्या पडलेल्या सुवाहकासारखा वागतो. यानंतर टाक्या धुताना त्यांत ज्वलनाला साथ न देणारा वायू भरण्याची पद्धत रूढ झाली. ज्या घटनेत घासणं म्हणावं असं काही डोळ्यांना दिसतही नव्हतं, तिथे पाण्याच्या टेकण्या-सुटण्यानं जहाजं फोडली.

उपाय स्वस्त आहे, आणि म्हणूनच तो न करणं अक्षम्य वाटतं. अर्थिंग म्हटलं की आपल्याला जाड तांब्याची पट्टी आणि जमिनीत गाडलेली प्लेट आठवते. घरातल्या-कारखान्यातल्या चालू विजेसाठी ती हवीच. स्थितिक विजेचा प्रवाह मात्र इतका बारीक असतो, साधारण मायक्रोअँपियरच्या घरातला, की जमिनीपर्यंतच्या वाटेत १० लाख ओहमचा रोध असला तरी व्होल्टेज एखाद्या व्होल्टवर जात नाही. म्हणजे वाट अरुंद चालेल, फक्त ती कुठे तुटलेली नसावी. ड्रमला क्लँप, बादली धातूची, ड्रम आणि बादली तारेनं जोडलेली, ओतण्याआधी जोडलेली आणि ओतून झाल्यावर सोडलेली. क्लँपचे दात रंगाच्या थरातून धातूपर्यंत पोचलेले. चिप्स ज्या जंबो बॅगांतून येतात, त्यांतल्या सी प्रकारच्या बॅगेत वीज वाहणारे धागे विणलेले असतात. त्या बॅगेला अर्थिंग लावलं नाही, तर तेच धागे एकटे पडलेले सुवाहक ठरतात आणि साध्या बॅगेपेक्षाही ती घातक होते. पेट्रोल पंपावर डबा भरताना तो गाडीवर किंवा सीटवर न ठेवता जमिनीवर ठेवायला सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे.

माझी इथल्या कारखानदारांना आणि ठेकेदारांना कळकळीची विनंती आहे. हे सगळं मराठीत, गुजरातीत, हिंदीत, आणि वारली-कोकणा कामगारांना समजेल अशा बोलीत, प्रत्यक्ष ड्रम आणि बादली समोर ठेवून, कामाच्या पहिल्याच दिवशी सांगा. सहा महिन्यांच्या ठेक्यावर आलेला माणूस फलक वाचत नाही. तो शेजारच्याचे हात पाहून शिकतो. शेजारच्याचे हात बरोबर चालले पाहिजेत.

इतका वेळ नुकसान आणि धोका यांवर गेला, म्हणून या विजेनं दिलेली एक देणगी सांगतो. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्याचा सहायक यांनी गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी सुती रुमालानं घासली. काचेवर शाईनं तारीख आणि जागेचं नाव लिहून ती काच पट्टीवर ठेवली आणि वरून उजेड सोडला. जिथे उजेड पडला तिथला प्रभार निघून गेला, अक्षरांखालचा राहिला. वर भुकटी भुरभुरली तर ती अक्षरांवरच बसली. ती जगातली पहिली झेरॉक्स. आजच्या यंत्रांत रुमालाची जागा दुसऱ्या साधनांनी घेतली आहे, पण टोनरची भुकटी कितीतरी यंत्रांत अजून कणांच्या एकमेकांवरच्या घासण्यानंच भारित होते. कलेक्टर कचेरीबाहेर दाखल्याची प्रत काढणाऱ्या प्रत्येकाचं काम या घर्षणावर चालतं.

आकाशातही हेच घडतं. पावसाळी ढगात गारांसारखे मऊ बर्फकण आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आदळून सुटतात, स्फटिक बहुधा धन होऊन वर जातात, जड कण ऋण होऊन मधल्या थरात राहतात, आणि किलोमीटर-किलोमीटर उंचीवर प्रभाराची फाळणी होते. मे महिन्याच्या अखेरीला शेतात काम करणाऱ्यांनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलवर ठेवावं. आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सावध करतं.

आता मूळ प्रश्न. टेकल्यावर एकाकडून दुसऱ्याकडे नेमकं जातं तरी काय, आणि का जातं? दोन धातूंच्या बाबतीत उत्तर पक्कं आहे. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, ते बाहेर काढायला प्रत्येक धातूत वेगवेगळी ऊर्जा लागते, आणि त्या फरकामुळे ते एका बाजूला सरकतात. पण पॉलिएस्टर, नायलॉन, पॉलिथिन यांत मोकळे इलेक्ट्रॉन नाहीतच. मग जातात ते कुठले? काही शास्त्रज्ञ म्हणतात, पृष्ठभागावर अडकलेले इलेक्ट्रॉनच. काही म्हणतात, पाण्याच्या सायीतले आयन. काही म्हणतात, पदार्थाचे सूक्ष्म तुकडेच एकावरून दुसऱ्यावर जातात आणि प्रभार सोबत नेतात. तिन्ही बाजूंना चांगले प्रयोग आहेत. माझं मत विचाराल, तर पदार्थ आणि परिस्थिती बदलली की या तिघांचा वाटा बदलतो, आणि एकच उत्तर शोधण्याच्या हट्टानं बराच काळ वाया गेला.

क्रमवारीचंही तसंच. केस, काच, नायलॉन, लोकर हे धन टोकाकडे, कापूस मधे, पॉलिएस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी, टेफ्लॉन हे ऋण टोकाकडे, इतपत ती भरवशाची आहे. पण बारकाईनं पाहिलं, तर दोन प्रयोगशाळांच्या याद्या जुळत नाहीत. काच, जस्त आणि रेशीम यांचं तर असं वर्तुळ सापडलं आहे, की त्यांना एका ओळीत लावताच येत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटानं दाखवलं, की धन झालेला पृष्ठभाग सगळीकडे धन नसतो. त्याच्यावर धन आणि ऋण ठिपक्यांची बारीक नक्षी असते, आणि आपण मोजतो ती फक्त त्यांची वजाबाकी.

आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांचा एक निबंध आला. त्यांनी एकाच सिलिकॉन रबराचे एकसारखे तुकडे घेतले. सुरुवातीला ते एकमेकांना टेकवले तर कोण धन आणि कोण ऋण होईल, याचा काही नेम नव्हता. पण टेकवत गेल्यावर, साधारण दोनशे वेळा, त्यांच्यात क्रम लागू लागला. जास्त वेळा टेकलेला तुकडा कमी वेळा टेकलेल्यापेक्षा ऋण होऊ लागला. म्हणजे पदार्थ काय आहे, यासोबत त्याला पूर्वी किती वेळा स्पर्श झाला, यालाही महत्त्व आहे. हे वाचलं आणि मला आपल्या शेडमधलं जुनं गाइड आठवलं. नवीन गाइड बसवलं की पहिले काही दिवस धागा वेगळा वागतो, हे फिटर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्या वागण्यात झीज किती, फिनिशचा थर किती आणि हा स्पर्शाचा इतिहास किती, हे कुणीतरी इथेच मोजायला हवं. मोजण्यासाठी लागणारा धागा एका ठिकाणी इतका मिळेल अशा जागा जगात बहुधा फार कमी असतील.

शाळेतल्या मुलांसाठी एक काम सुचवून थांबतो. शिक्षकांनी कारखान्यांतून टाकाऊ तुकडे मागून आणावेत: पॉलिएस्टर फिल्म, पॉलिथिनची पिशवी, पीव्हीसीचा पाइप, नायलॉनचा धागा, जंबो बॅगेचं कापड, सुती चिंधी, लोकर. एका बाटलीत अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या टांगून विद्युतदर्शी बनवावा. त्याला आधी लोकरीवर घासलेल्या पीव्हीसीनं ऋण प्रभार द्यावा. मग कोणतेही दोन तुकडे एकमेकांवर घासून एकेक जवळ आणावा: पट्ट्या आणखी फाकल्या तर तो ऋण, मिटू लागल्या तर बहुधा धन, पण प्रभार नसलेला तुकडाही पट्ट्या थोड्या मिटवतो, म्हणून जोडीतला दुसरा तुकडा फाकवतो का तेही बघावं. जोडीजोडीनं नोंद करून वर्गाची स्वतःची क्रमवारी लावावी. हा प्रयोग जानेवारीत करा आणि तोच पुन्हा जुलैत, भर पावसात. दर वेळी हवेतली आर्द्रता लिहा, तुकडे साबणानं धुतले की नाही ते लिहा, आणि दोन गटांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही वहीत ठेवा; कुणाचंही खोडू नका.